पीएचडी झाली म्हणून खणायला घेईनात

"मॅडम, जास्त शिकलेय म्हणून नोकरी देत नाहीयेत, काय करू?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो, एमटेकवाले विचारतात, सेट-नेटवाले विचारतात, पण माझ्या डोक्यात राहिली ती एक आर्किऑलॉजीवाली मुलगी. (तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) डेक्कन कॉलेजात एमए, मग इंग्लंडमध्ये पीएचडी, विषय हिंदी महासागरातल्या व्यापारातली मातीची भांडी. युनिव्हर्सिटीतल्या जागा म्हणजे एक अनार सौ बीमार, म्हणून तिने तिथल्या उत्खननाचं काम करणाऱ्या कमर्शियल कंपन्यांकडे अर्ज करायला घेतले. तिकडे १९९० ला पीपीजी १६ नावाची सरकारी नियमावली आली, तेव्हापासून घरं-रस्ते बांधण्याआधी जमिनीखाली काय आहे ते तपासायचं आणि नोंदवायचं आणि त्याचा खर्च बिल्डरने करायचा अशी पद्धतच पडली, त्यामुळे खणणाऱ्यांना बारा महिने काम असतं. अर्थात हे काम एन्ट्री लेव्हलचं, पगार बेताचा.

तर अकरा अर्ज, नऊ ठिकाणांहून उत्तरच नाही, दोघांनी गोड शब्दांत कळवलं की या पोस्टसाठी तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात. पुण्याहून वडील वेगळेच तापलेले, डॉक्टरेट घेऊन फावडं मारणार का.

पहिल्याच कॉलवर तिने विचारलं, ताई, सीव्हीतून पीएचडी काढूनच टाकू का? मी म्हटलं मग मधली चार वर्षं काय केलंस म्हणून सांगणार? लपवू नकोसच. सीव्ही उघडायला सांगितला तर चार पानं! पहिली दोन पानं पेपर आणि कॉन्फरन्स, आणि चौथ्या पानाच्या तळाशी एक ओळ, "फील्डवर्क: विविध साइट्स". एवढंच. खणायच्या नोकरीसाठी अर्ज, आणि खणलंय कुठे ते तळाला.

मी विचारलं, एकूण किती आठवडे खणलंयस? ती बोटं मोजत बसली, सव्वीस निघाले. मग मी सहज विचारलं की त्यातले स्वतःच्या हाताने किती, आणि ती एकदम गप्प झाली. कारण आपल्याकडे बऱ्याच उत्खननांत कुदळ-घमेलं गावातल्या मजुरांच्या हातात असतं, विद्यार्थी ट्रेंचवर (खणलेल्या चरावर) उभं राहून नोंदी घेतात, ड्रॉइंग करतात, बारीक काम असेल तेव्हा खाली उतरतात. तिकडे मॅटॉक (कुदळीसारखं अवजार) मारणारा, ढकलगाडी रिकामी करणारा आणि कॉन्टेक्स्ट शीट (मातीच्या एकेका थराच्या नोंदीचा फॉर्म) भरणारा माणूस एकच, आणि मागे जेसीबी थांबलेला. शिवाय तिचा अभ्यास आपल्याकडच्या समुद्री व्यापारातल्या खापरांचा, इंग्लंडच्या शेतात सापडणारं रोमन किंवा मध्ययुगीन खापर ओळखायला तिलाही शिकावंच लागलं असतं. म्हणजे कागदावर ती ओव्हरक्वालिफाइड होती आणि खड्ड्यात उतरल्यावर चक्क थोडी कमीच! हे ऐकून आधी तिला राग आला, मग हसू आलं.

माझं म्हणणं असं की ओव्हरक्वालिफाइड हा शब्द बऱ्याचदा पांघरूण असतो, आत वेगळी भीती असते. ही दोन महिन्यांत लेक्चररशिप मिळाली की पळेल, हिच्यापेक्षा लहान सुपरवायझरचं ऐकणार नाही, जानेवारीच्या चिखलात टिकणार नाही. आणि परदेशी आहे तर व्हिसाची भानगड आपल्या गळ्यात, हीसुद्धा. तिला पीएचडीनंतरचा तीन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळालेला, स्पॉन्सर लागणारच नव्हता, पण हे अर्जात कुठेच नव्हतं! ते वर आणलं. सव्वीस आठवडे साइटवार लिहिले, स्वतः काय खणलं काय नोंदवलं तेही खरंखरं. पीएचडी एका ओळीत. बांधकामाच्या बहुतेक साइट्सवर जायला सीएससीएस कार्ड (कामाचं आणि सेफ्टीचं ज्ञान असल्याचं कार्ड) लागतं, त्याची सेफ्टी टेस्ट तिने देऊन टाकली. एका आर्किऑलॉजी ट्रस्टच्या खोदकामावर तीन आठवडे फुकट गेली, तिथे स्वतः मॅटॉक मारला, हाताला फोड आले त्याचा फोटो मला पाठवला.

मग इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस. मी विचारलं, तुम्हाला इथे कंटाळा नाही का येणार? "नाही, खूप शिकायला मिळेल." म्हटलं हे तर सगळेच म्हणतात. चौथ्या वेळी ती वैतागून म्हणाली, "चार वर्षं मी दुसऱ्यांनी काढलेली खापरं टेबलावर मोजली, आता ती मातीतून निघताना बघायचीयत, दोन हिवाळे तरी मी कुठे जात नाही." बस, हेच बोल म्हटलं. पण खरंच थांबणार असशील तरच.

त्यानंतर पाच अर्ज, दोन इंटरव्ह्यू, एक सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, ट्रेनी म्हणून. पहिल्या शुक्रवारी मेसेज आला: "ताई, सुपरवायझर चोवीस वर्षांची आहे. माझा सेक्शन (खड्ड्याची उभी कापलेली बाजू) वाकडा म्हणून तिने परत कापायला लावला आणि होता वाकडा. आईला चिखलातल्या बुटांचा फोटो पाठवलाय. बाबांना अजून प्रोजेक्टवर आहे एवढंच सांगितलंय."