कार्बुरेटर बदलायच्या आधी करंट बघा

प्रश्न : माझ्याकडे १९७० च्या दशकातली फोक्सवॅगन कोंबी आहे, आत बेड, ओटा, गॅस सगळं आहे. इंजिन १६०० सीसी, एअर कूल्ड. साताऱ्यात फिरवली तर काही त्रास नाही, पण यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलं की चावी फिरवल्यासारखी एकदम बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा चालू. मेकॅनिक म्हणतो वर हवा विरळ असते, कार्बुरेटर बाद झालाय, नवा मागवा. एकाने फ्यूल पंपावर ओलं फडकं टाकायला सांगितलं, त्याने चालू झाली होती. काय करू?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आधी तो नवा कार्बुरेटर मागवायचं थांबवा. कास साताऱ्यापेक्षा साधारण ५०० मीटर वर आहे, तेवढ्याने मिश्रण थोडं रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, पिकअप जरा कमी लागेल, प्लग काळे पडतील, पण गाडी बंद पडायला हे कारण पुरत नाही. तुमच्या पत्रातला कामाचा शब्द 'एकदम' हा आहे. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी आचके देते, दम तोडते, मग थांबते. एका क्षणात मेली म्हणजे बहुतेक वेळा करंट गेलाय, प्लगला ठिणगीच मिळत नाही. आणि फडक्याचं म्हणाल तर फडकं शोधून भिजवून टाकेपर्यंत इंजिन थंड झालंच ना, मग श्रेय फडक्याला का द्यायचं? एअर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं, होत नाही असं नाही, यात पंप इंजिनवरच बसलेला असल्यामुळे होऊ शकतो, पण तो सिद्ध तरी करा.

पुढच्या वेळी बंद पडली की गरम असतानाच तपासा, थंड झाल्यावर सगळंच ठीक दिसणार. सगळ्यात आधी आतल्या गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून दारं उघडा, घर आणि इंजिन एकाच गाडीत असल्यावर ठिणगी पाडायच्या आधी एवढं हवंच. मग डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डब्याच्या, कॅपच्या मधली जाड वायर काढून इन्सुलेटेड पकडीने तिचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूपासून ५-६ मिलिमीटरवर धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टार्टर मारायला लावा. टक टक आवाज करत निळा करंट पडला तर ठीक, पिवळट मरतुकडा पडला किंवा पडलाच नाही तर दोष इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागात. वायर परत लावा, एअर फिल्टर काढून कार्बुरेटरच्या घशात बघत अ‍ॅक्सिलरेटरचा लिव्हर हाताने ओढा, आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली म्हणजे बाउलमध्ये, कार्बुरेटरच्या छोट्या टाकीत, पेट्रोल आहे. हे करंटच्या आधी करू नका, पेट्रोलची वाफ असते तिथे.

करंट नसेल तर पहिला संशय डिस्ट्रिब्युटरवरच्या छोट्या कंडेन्सरवर, गरम झाला की दगा देणारी जात आहे ती, आणि स्वस्तही आहे, बदलून टाका. पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, जळालेले असतील तर तेही बदला, त्यांच्यातली गॅप फिलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) ०.४ मिलिमीटर ठेवा. मग कॉइल, बॅटरीच्या करंटचा दाब वाढवून ठिणगी देणारी. जुन्या मालकाने कुठली बसवली असेल सांगता येत नाही, मल्टिमीटरने दोन छोट्या टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजा. साधारण ३ ओहम हवा. दीडच्या आसपास आला तर ती बॅलास्ट (करंट कमी करणारा जोड रेझिस्टर) लागणारी कॉइल आहे, बॅलास्टशिवाय ती तापते आणि पॉइंटही खाते, घाटात नेमकं हेच होतं.

ही इंजिनं पंख्याच्या हवेवर थंड होतात आणि पंखा इंजिनच्या आरपीएमवर फिरतो, त्यामुळे चढाला तिसऱ्यात रेटू नका, वेळेत दुसरा टाका. इंजिनभोवतीचे पत्रे आणि रबर सील जागेवर आहेत का तेही बघा, ती गायब असली की खालची गरम हवाच परत वर ओढली जाते.

प्रश्न : आमची जुनी पेट्रोल व्हॅन आम्ही बेड टाकून ट्रिपसाठी केलीय. पावसाळाभर उभी होती, आता चोक ओढून चालते पण आयडलिंग धरत नाही, मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा फरक शून्य.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : स्क्रूने फरक पडत नाही म्हणजे आयडल जेट (कार्बुरेटरमधलं आयडलिंगच्या पेट्रोलचं बारीक भोक) चोंदलाय किंवा मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बुरेटर ते इंजिन नळीच्या, गॅस्केटमधून हवा ओढतेय. जेट काढून क्लीनर आणि हवेने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही तुमच्या-आमच्या उसाचंही, पण ते पाणी धरतं आणि टाकीतला जुना थर सोडवून जेटमध्ये आणतं. जुनी रबरी पेट्रोल पाइपही त्याने फुगते, तडकते. पाइप आणि क्लॅम्प आजच बदला, बाकीचं सावकाश करा. सातारकर, हे तुम्हालाही लागू, तुमचं इंजिन मागे आहे, गळती लागली तर ड्रायव्हरला कळायला उशीर होतो.

प्रश्न : पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : बसवा, चांगलं चालतं. मॉड्यूलला, म्हणजे पॉइंटच्या जागी येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला, चालणारीच कॉइल घ्या आणि इंजिन बंद ठेवून चावी ऑन सोडू नका, त्याने मॉड्यूल जळू शकतं. काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि स्क्रू ड्रायव्हर गाडीतच राहू द्या.