'इंद्रियदमन' आणि 'समर्पण': एका वाक्यात नांदतील का?

प्रश्न असा आला आहे. एका ख्रिस्ती भक्तिपर पुस्तिकेचा अनुवाद करताना 'स्वयंशिस्तीने स्वतःला देवापुढे सरेंडर करा' असे वाक्य तयार झाले. संपादकांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले, 'एक तर शिस्त, नाही तर शरणागती. दोन्ही एकदम कसे?' तर सेल्फ-डिसिप्लिन आणि सरेंडर यांना मराठीत नेमके काय म्हणावे, आणि ते खरोखरच एकमेकांच्या विरुद्ध आहेत का?

माझ्या मते रेघ योग्य जागी आहे, पण तिचे कारण चुकले आहे. विसंगती कल्पनेत नाही, निवडलेल्या शब्दांत आहे.

'स्वयंशिस्त' आधी बाजूला काढू. हा सूचनाफलकावरचा शब्द आहे. रांगेत उभे राहा, गोंगाट करू नका, स्वयंशिस्त पाळा. प्रार्थनेच्या पुस्तकात तो गणवेश घालून आल्यासारखा वाटतो. खरे तर 'शिस्त' मुळात इतकी रूक्ष नव्हती. फारसी 'शस्त' म्हणजे तिरंदाजाने अंगठ्यात घालायची कडी. त्यावरून नेम, रोख. जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. (शिष्य आणि शिस्त यांचे नाते लावायचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. 'शिष्य' संस्कृत 'शास्' धातूपासून, शासन-शास्त्र यांच्या घरातला. 'शिस्त' परगावाहून आलेली.) नेमाचा तो अर्थ टिकला असता तर इथे शोभला असता. बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल म्हणतो की मी अंदाधुंद धावत नाही, हवेत ठोसे मारत नाही. पण आज 'शिस्त' म्हटले की नेम कुणाला आठवत नाही, छडी आठवते.

मग मराठी बायबलने काय वापरले? पौलाच्याच गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात 'आत्म्याच्या फळाची', म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांची, यादी आहे: प्रीती, आनंद, शांती अशी सुरू होते आणि नवव्या जागी 'इंद्रियदमन' येते. मूळ ग्रीक शब्द 'एन्क्रातेइया'. त्यात 'क्रातोस' म्हणजे सत्ता, पकड. ज्याची स्वतःवर पकड आहे तो 'एन्क्रातेस'. हा शब्द काही ख्रिस्ती लोकांनी घडवलेला नाही; ग्रीक तत्त्वज्ञांच्या तोंडी तो पौलाच्या कितीतरी आधीपासून होता. अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखी 'एन्क्रातेस' म्हणजे ज्याच्या मनात नको त्या वासना आहेतच, पण जो त्यांना बधत नाही असा माणूस. म्हणजे कुस्ती चालू आहे आणि हा वरचढ आहे.

पौलाने शब्द तोच उचलला, पण ठेवला फळांच्या यादीत. सगळी गंमत इथे आहे. तेही 'फळे' नव्हे. मूळ ग्रीकमध्ये 'कार्पोस' एकवचनी आहे आणि मराठी अनुवादानेही 'फळ' हे एकवचन जपले आहे. फळ कुणी करत नाही. फळ येते, झाड फळ धरते. 'करणे' या क्रियापदाशी फळाचे जमत नाही. उलट 'दमन' हे पक्के करण्याचे नाम आहे: कुणीतरी कुणाचे तरी दमन करतो. म्हणजे 'इंद्रियदमन हे फळ आहे' या मराठी वाक्यात एक लपलेली ओढाताण आहे, आणि संपादकांना जी विसंगती खटकली ती त्यांच्या पुस्तिकेत उपजलेली नसून थेट पत्रातूनच आलेली आहे.

'दमन' शब्दाची आज थोडी बदनामीही झाली आहे. दमनशाही, दमनचक्र अशा जोडशब्दांमुळे त्याला लाठीचा वास येतो. पण 'दम्' धातूचा जुना अर्थ माणसाळवणे, वळण लावणे. 'दम्य' म्हणजे ज्याला अजून जू माहीत नाही असा खोंड. त्याला ठार करायचे नसते, कामाला लावायचे असते. लॅटिन 'दोमारे', ग्रीक 'दामाझो' ही त्याच धातूची भावंडे. हा अर्थ ठाऊक असलेल्या वाचकाला 'इंद्रियदमन' चालून जाईल. बाकीच्यांना त्यात इंद्रियांचा गळा आवळणेच दिसेल.

आणि हे दिसणे अगदीच निराधार आहे असेही नाही. वर सांगितलेल्या त्याच उताऱ्यात पौल पुढे म्हणतो, 'मी आपले शरीर कुदलतो'. कुदलणे! बुकलणे, बडवणे याच्या जवळचा, मातीचा वास असलेला शब्द. मूळ ग्रीक क्रियापदाचा शब्दशः अर्थ डोळ्याखाली ठोसा मारणे असा आहे, मुष्टियोद्ध्यांच्या आखाड्यातला. अनुवादकाने इथे 'निग्रह करतो' असे गुळगुळीत काही न घालता 'कुदलतो' घातले, त्याबद्दल मला त्याचे नेहमी कौतुक वाटते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही 'सुभक्तीविषयी कसरत कर' असे आहे. तिथले ग्रीक क्रियापद 'गिम्नाझो' आहे, ज्यातून जिम्नॅशियम आले. थोडक्यात, ख्रिस्ती साधनेची भाषा आखाड्याची आहे याबद्दल वाद नको. ती आखाड्याची आहे आणि मळ्याचीही आहे.

'आत्मसंयम' हा पर्यायही सुचवला जातो. सोयीचा आहे, पण ख्रिस्ती मराठीत एक अडचण करतो. इथे 'आत्मा' म्हटले की वाचकाच्या मनात पवित्र आत्मा असतो, आणि समासातला 'आत्म-' मात्र नुसता 'स्वतः' असतो. 'आत्मसंयम' सोडवला तर 'आत्म्याचा संयम'. पण ही षष्ठी कर्त्याची की कर्माची? आत्म्याने केलेला संयम की आत्म्यावर केलेला? व्याकरणाच्या तासाला ही चूक ठरेल; गलतीकरांस पत्रापुरती ती चूक राहत नाही, उत्तरच होऊन बसते. संयम आपलाच, पण करवणारा आत्मा. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात 'संयमनाचा आत्मा' असे शब्द येतात, तेव्हा ही संदिग्धता जवळजवळ उघडीच पडते. तिथला ग्रीक शब्द वेगळा आहे, 'सोफ्रोनिस्मोस', डोके ठिकाणावर असणे या अर्थाकडे झुकणारा.

आता सरेंडर. बायबलच्या मूळ भाषांत त्याला एकच एक प्रतिशब्द नाही, म्हणून मराठीतही एकाच शब्दावर अडून बसू नये. याकोबाच्या पत्रात देवाच्या 'अधीन' होण्याची आज्ञा आहे. ग्रीक 'हिपोतास्सो', सैन्यात खालच्या जागी उभे राहणे. आणि लगेच पुढे सैतानाला अडवायची आज्ञा. म्हणजे अधीन होणारा शस्त्र खाली ठेवत नाही, सेनापती बदलतो. या कारणासाठीच 'शरणागती' मला पसंत नाही. संस्कृतात 'शरण' म्हणजे आसरा, घरसुद्धा. संतांच्या भाषेत शरण जाणारा हरलेला नसतो, घरी पोचलेला असतो. पण आजच्या वाचकाला 'शरणागती'बरोबर पांढरे निशाण दिसते. 'आत्मसमर्पण' त्याहून वाईट. ते पोलिसांपुढे करतात.

रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात 'समर्पण' आहे: आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून समर्पण करावीत. ग्रीक क्रियापद 'पारिस्तेमी', समोर हजर करणे. यज्ञ, पण जिवंत. वेदीवर ठेवलेला प्राणी एकदाच मरतो आणि प्रश्न मिटतो. जिवंत यज्ञ उठून चालू लागू शकतो. तो तिथे रोज स्वतःहून राहायला हवा. म्हणजे समर्पणातच संयम शिरलेला आहे.

मात्र सगळ्यांत सुंदर शब्द लूकच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात, वधस्तंभावरच्या येशूच्या तोंडी आहे: 'मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो'. सोपवणे. शब्दचर्चेत रमणाऱ्यांसाठी एक खाऊ: संस्कृत 'समर्पय्' प्राकृतातून झिजत झिजत मराठीत आले ते 'सोपणे, सोपवणे' होऊन, आणि हिंदीत 'सौंपना' होऊन. म्हणजे 'समर्पण' आणि 'सोपवणे' हा मुळात एकच शब्द. एक सोवळे नेसून आलेला, दुसरा घरच्या कपड्यांत. पण घरच्याने एक गोष्ट मिळवली जी सोवळ्यातल्याला मिळाली नाही. समर्पण कशालाही होते, ध्येयाला, कार्याला, पुस्तक आईला. सोपवतो मात्र आपण ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याच हाती: मूल, किल्ल्या, जबाबदारी. आणि जे आपल्या हातात नाही ते सोपवता येत नाही. उधळलेले जनावर कुणाच्या स्वाधीन करायचे तर आधी त्याचा कासरा आपल्या हाती लागायला हवा.

इथे कुणी म्हणेल, मग क्रम ठरला: आधी संयम, मग समर्पण. इतके सरळ नाही. या क्रमावरून चर्चच्या इतिहासात मोठे वाद झाले आहेत. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती धर्मविचारक ऑगस्टीन याने आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात नेमके इंद्रियसंयमाविषयी बोलताना प्रार्थना केली: तू जी आज्ञा करतोस ते दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. पेलागियस नावाच्या साधकाला हे वाक्य सहन झाले नाही, असे ऑगस्टीननेच पुढे नोंदवले आहे. त्याचे म्हणणे आपल्याला लगेच कळते: संयमही देवानेच द्यायचा तर माणसाने करायचे काय? 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची बाजू अमान्य केली. बाराशे-तेराशे वर्षांनी लंबक दुसऱ्या टोकाला गेला. मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूने सांगितले की आत्म्याने इतके निश्चल व्हावे की स्वतःहून काही करूच नये, मोहाला प्रतिकारही नको. 1687 मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी त्याची 68 विधाने निषिद्ध ठरवली. नुसते 'कुदलणे' नाकारले गेले आणि नुसते 'सोडून देणे'ही.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची आध्यात्मिक साधनांची पुस्तिका, जिला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली, तिची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शीर्षकातच हेतू सांगितला आहे, स्वतःला जिंकणे. आणि शेवटाकडे येणारी प्रार्थना आहे, 'घे, प्रभू, आणि स्वीकार माझे सगळे स्वातंत्र्य'. जिंकायचे ते देऊन टाकण्यासाठी.

'आत्मत्याग' या शब्दाबद्दल एक तक्रार नोंदवून पुढे जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात शिष्याने 'आत्मत्याग करावा' आणि आपला वधस्तंभ उचलावा असे आहे. त्यागासाठीचे मूळ क्रियापद 'अपार्नेओमाय', नाकारणे. पुढे सव्विसाव्या अध्यायात येशू आपल्या पेत्र या शिष्याला सांगतो की तू मला तीनदा नाकारशील, तिथेही हेच क्रियापद. पेत्र काय करतो? 'मी त्या माणसाला ओळखत नाही' म्हणतो. म्हणजे शिष्याने हे वाक्य स्वतःबद्दल म्हणायचे होते, आणि पेत्राने ते गुरूबद्दल म्हटले. मराठीत एकीकडे त्याग आणि दुसरीकडे नकार आल्यामुळे हा जीवघेणा धागा तुटला. शिवाय ख्रिस्ती मंडळीबाहेरच्या वाचकाला आत्मत्याग म्हणजे प्राणार्पण वाटते.

पण जिथे धागा शाबूत राहिला ते ठिकाणही दाखवायला हवे, कारण तुमच्या संपादकांना खरे उत्तर तिथे आहे. फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय दुसरा, ओवी बारा आणि तेरा. आधी आज्ञा: भीत व कापत आपले तारण 'साधून घ्या'. मग लगेच 'कारण' म्हणून: इच्छा आणि कृती तुमच्या ठायी 'साधून देणारा' तो देव आहे. ग्रीकमध्येही दोन्ही क्रियापदे 'एर्गोन' म्हणजे काम या एकाच मुळाची आहेत, पण उपसर्ग निराळे. मराठीने उपसर्गांऐवजी घेणे आणि देणे ही सहायक क्रियापदे लावली. साधणे एकच. माणसाच्या बाजूने ते घेणे, देवाच्या बाजूने देणे. आणि मधला शब्द 'पण' नाही, 'कारण' आहे. तुम्ही साधून घ्या, पण देव साधून देतो, असे नाही. तो देतो म्हणून तुम्ही घ्या.

तेव्हा सूचना अशी. यादीतल्या शब्दाचा थेट उल्लेख असेल तिथे 'इंद्रियदमन' तसेच ठेवा, तो वाचकांच्या पाठांतरात बसला आहे. स्वतंत्र गद्यात 'संयम' किंवा चक्क 'स्वतःला आवरणे' वापरा. जीभ आवरणे, हात आवरणे, मन आवरणे हे मराठीला शिकवावे लागत नाही. सरेंडरसाठी विधीचा प्रसंग असेल तर 'समर्पण', एरवी 'सोपवणे'. तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'स्वतःला आवरा, आणि जे आवरले ते दररोज देवाच्या हाती सोपवा.' 'दररोज' मी पदरचा घातलेला नाही. वधस्तंभ उचलण्याच्या त्याच वचनात लूकने तो नवव्या अध्यायात जास्तीचा दिला आहे, मत्तयात नाही.

'जे आवरले ते' याऐवजी 'जे आवरत नाही तेही' असे कुणी सुचवले तर मी हरकत घेणार नाही. फक्त मग कासऱ्याचे माझे उदाहरण मला मागे घ्यावे लागेल, आणि ऑगस्टीन खूश होईल.