वाचकांचे प्रश्न : आयएनआर अचानक का वाढला?

प्रश्न : आईचं वय ५८. लहानपणीच्या रूमॅटिक तापाने खराब झालेली हृदयातली मायट्रल झडप बदलून सहा वर्षं झाली, झडप धातूची आहे. रोज संध्याकाळी रक्त पातळ करणारी असेनोकुमारॉलची २ मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा; तो जितका जास्त, तितकं रक्त उशिरा गोठतं) कायम ३ च्या आसपास असायचा, या वेळी ४.८ आला. गोळी चुकली नाही, जादाही गेली नाही. पालेभाजी बंदच आहे. दोन महिन्यांपूर्वी थायरॉइडची गोळी ५० वरून १०० मायक्रोग्रॅम केली, एवढाच बदल. त्यामुळे असं होईल का? – एक वाचक, कराड

उत्तर : होतं, आणि आईंच्या बाबतीत पहिला संशय त्याच बदलावर घ्यावा लागेल.

‘रक्त पातळ करणारी गोळी’ असं सगळेच म्हणतात, पण रक्त असतं तेवढंच दाट राहतं. फक्त गोठायला वेळ लागतो. रक्त गोठवणारे २, ७, ९ आणि १० क्रमांकाचे घटक यकृतात तयार होतात आणि ते कामाचे व्हायला ‘के’ जीवनसत्त्व लागतं. वापरलेलं ‘के’ शरीर पुन्हा वापरण्याजोगं करून घेतं. असेनोकुमारॉल आणि वॉरफॅरिन नेमकं हेच अडवतात. आता थायरॉइड कमी असताना शरीराचा सगळाच कारभार मंदावतो, त्यात हे घटक मोडण्याचा वेगही कमी होतो. थायरॉइडचा डोस वाढला की जुने घटक भराभर मोडतात आणि नवे तर गोळीने आधीच रोखलेले असतात. म्हणून तीच २ मिलिग्रॅमची गोळी आता जास्त लागू पडते आहे. हा परिणाम काही आठवड्यांत हळूहळू चढतो, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

मायट्रल जागी धातूची झडप असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ ठेवतात. ४.८ आला म्हणून घाबरून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. झडपेवर गुठळी धरली तर ती जिवावर बेतते. रिपोर्ट आजच हृदयरोगतज्ज्ञांना कळवा. रक्तस्राव नसेल तर बहुतेक वेळा एखादा डोस गाळून पुढचे डोस थोडे कमी करतात आणि काही दिवसांत पुन्हा तपासणी करतात. काळी शौच, लाल लघवी, न थांबणारं हिरड्यांचं रक्त, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झालं तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्या. यापुढे थायरॉइडचा डोस बदलला की पुढचे सहा-आठ आठवडे आयएनआर दर एक-दोन आठवड्यांनी करायचा, हे तिथल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पालेभाजी बंद करणं मात्र चुकलं. ‘के’चा साठा तळाला गेला की एखाद्या लग्नात वाढलेली अळूची पातळभाजीसुद्धा आयएनआर खाली खेचू शकते. मेथी, पालक, शेपू खाऊ द्या, पण दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. काही पाकिटांवर असेनोकुमारॉलऐवजी ‘निकुमालोन’ असं छापलेलं असतं. दोन्ही औषधं एकच आहेत. नवं नाव पाहून दोन्ही चालू ठेवली तर डोस दुप्पट होतो. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल, नायट्यासाठी फ्लुकोनॅझोल ही औषधंसुद्धा आयएनआर चढवतात. गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन पोटात रक्तस्राव घडवू शकतात. दुकानातून कुठलीही गोळी घेण्याआधी आयएनआरची वही पुढे करा.

प्रश्न : थायरॉइडची गोळी सकाळी चहाबरोबर घेतली तर काय बिघडतं? टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा रक्ततपासणीतला आकडा) खाली येत नाही. – एक वाचक, लातूर

उत्तर : गोळी आतड्यातून पुरेशी रक्तात उतरत नाही, हेच बिघडतं. उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. ती गोळी थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच धरून ठेवते. बाळंतिणींचा टीएसएच बऱ्याचदा इथेच अडकतो. वेळ सुधारल्यावर लगेच तपासू नका, सहा ते आठ आठवडे थांबा, कारण हे औषध शरीरात निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. तुम्हीही रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर वरचं उत्तर तुम्हालाही लागू आहे: गोळी नीट उतरू लागणं म्हणजे डोस वाढण्यासारखंच.

प्रश्न : बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५ ची १० केल्यापासून संध्याकाळी घोटे सुजतात. किडनी बिघडली का? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : सूज दोन्ही पायांना सारखी असेल, दम लागत नसेल, तर ती बहुधा गोळीचीच आहे. ही गोळी बारीक धमन्या सैल करते, शिरा तितक्या सैल होत नाहीत. मग केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. म्हणूनच लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. डॉक्टर डोस पुन्हा ५ वर आणतील किंवा जोडीला टेल्मिसार्टनसारखी गोळी देतील. क्रिअ‍ॅटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन एकदा तपासून घ्या, म्हणजे किडनीचंही कळेल. एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा, ती शिरेतली गुठळी असू शकते.