ब्रेव्हर्डचा अर्धा टक्का विक्रीकर, शहरांचा वाटा आणि इंडियन रिव्हर लगून

नमस्कार. फ्लोरिडाच्या ब्रेव्हर्ड कौंटीतील (जिल्ह्यातील) पाम बे येथे नुकतेच घर घेतल्यावर दुकानाच्या पावतीवर सहाऐवजी सात टक्के विक्रीकर पाहून आपण विचारले आहे की, त्यातला इंडियन रिव्हर लगून या किनाऱ्यालगतच्या खाजण सरोवरासाठीचा अर्धा टक्का नेमका कुठे जातो, पाम बेसारख्या सर्वात मोठ्या शहराला त्यातला न्याय्य वाटा मिळतो का, आणि इतकी वर्षे कर भरूनही पाणी अजून गढूळ का दिसते. या कौंटीत मी बरीच वर्षे राहतो आणि या निधीवर देखरेख करणाऱ्या नागरिक समितीच्या बैठकांना नियमाने जातो. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

फ्लोरिडा राज्याचा विक्रीकर सहा टक्के आहे. त्यावर कौंटीतील मतदारांच्या संमतीने स्थानिक अधिभार लावता येतो. ब्रेव्हर्डमध्ये असे दोन अधिभार आहेत. शाळांच्या इमारतींसाठीचा अर्धा टक्का मतदारांनी २०१४ मध्ये मंजूर केला, तर लगूनसाठीचा अर्धा टक्का नोव्हेंबर २०१६ मध्ये, साठ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला. लगूनच्या कराची वसुली १ जानेवारी २०१७ पासून सुरू झाली असून त्याची मुदत दहा वर्षांची, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. घरी शिजवायचा किराणा आणि औषधे यांवर तो लागत नाही, आणि मोटारीसारख्या महाग वस्तूच्या केवळ पहिल्या ५,००० डॉलरांवर लागतो. समुद्रकिनाऱ्यावर, पोर्ट कॅनाव्हेरलच्या जहाजांवर किंवा अग्निबाणांची उड्डाणे पाहायला येणारे पर्यटकही तो भरतात. घरपट्टीत वाढ करून हे काम करायचे ठरवले असते, तर सगळा भार घरमालकांवर पडला असता, शिवाय कौंटीच्या सनदेतच घरपट्टीच्या वाढीवर मर्यादा घातलेली आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी अधिक बारकाईने येतो, कारण या व्यवस्थेचे मर्म तिथेच आहे आणि नव्याने आलेल्या बहुतेकांचा गैरसमजही तिथेच होतो. फ्लोरिडाच्या कायद्यात अशा पायाभूत सुविधा अधिभाराच्या वाटणीसाठी दोन मार्ग दिलेले आहेत. एक तर कौंटी आणि शहरी लोकसंख्येच्या बहुमताचे प्रतिनिधित्व करणारी शहरे यांनी आपसांत करार करून वाटणी ठरवायची, अन्यथा मुख्यतः लोकसंख्येवर आधारित ठरावीक सूत्राने प्रत्येक शहराच्या तिजोरीत त्याचा हिस्सा जमा व्हायचा. ब्रेव्हर्डमध्ये सोळा शहरे व गावे आहेत. सूत्राप्रमाणे वाटणी झाली असती तर २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख २० हजार वस्तीच्या पाम बेला शहरांपैकी सर्वात मोठा हिस्सा मिळाला असता, मेलबर्न व्हिलेज किंवा पाम शोअर्ससारख्या चिमुकल्या वस्त्यांना नाममात्र रक्कम मिळाली असती, आणि त्या रकमेतून गाळ उपसावा की रस्ते दुरुस्त करावेत हे ज्याने त्याने ठरवले असते.

तसे झाले नाही. मतपत्रिकेवरील प्रस्तावातच स्पष्ट लिहिले होते की, कराचे संपूर्ण उत्पन्न लगूनसाठीच्या स्वतंत्र विश्वस्त निधीत जमा होईल, ते केवळ लगूनच्या पुनरुज्जीवनाच्या कामांवर खर्च होईल, त्यावर नागरिक समितीची देखरेख राहील आणि दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण होईल. शहरे या निधीकडे प्रकल्प घेऊन येतात. प्रत्येक प्रकल्पाने वर्षाला शैवाल माजवणारा किती पौंड नायट्रोजन लगूनमध्ये जाण्यापासून रोखला जाईल किंवा लगूनमधून बाहेर काढला जाईल याचा हिशेब मांडला जातो, आणि प्रकल्पाच्या प्रकारानुसार प्रत्येक पौंडामागे निधीतून किती रक्कम द्यायची याची मर्यादा ठरलेली असते. त्यापुढचा खर्च शहराला स्वतः करावा लागतो किंवा राज्याच्या अनुदानातून मिळवावा लागतो. थोडक्यात, इथे पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात न वाटता रोखलेल्या नायट्रोजनच्या प्रमाणात वाटला जातो. माझ्या मते या कराचे सर्वात मोठे बळ यातच आहे. लगूनचे पाणी शहरांच्या हद्दी मानत नाही. सॅटेलाइट बीचच्या ग्रँड कॅनालमधला गाळ उपसला किंवा टायटसव्हिलचे सांडपाणी शुद्धीकरण सुधारले, तर लाभ त्याच पाण्याच्या काठी राहणाऱ्या सर्वांनाच होतो. रस्त्यांसाठी पाम बेच्या मतदारांनी २०१८ मध्ये १५ कोटी डॉलरांचे वेगळे कर्जरोखे मंजूर केले, आणि तेच योग्य झाले. रस्त्यांची गरज खरी होती, पण ती या निधीतून भागवायची नव्हती.

आता हे सगळे करण्याची वेळ का आली ते सांगतो. इंडियन रिव्हर लगून हे समुद्र आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये वाळूच्या चिंचोळ्या बेटांनी अडवलेले खाजण सरोवर आहे. उत्तरेकडील पोन्स डी लिऑन इनलेटपासून दक्षिणेकडील ज्युपिटर इनलेटपर्यंत ते १५६ मैल पसरलेले आहे, आणि त्याच्या एकूण क्षेत्रफळापैकी सुमारे ७१ टक्के एकट्या ब्रेव्हर्डमध्ये येते. मस्किटो लगून, बनाना रिव्हर आणि मूळ इंडियन रिव्हर असे त्याचे तीन भाग आहेत. सरासरी खोली जेमतेम चार फूट. उत्तर भागात समुद्राशी जोडणारी मुखे इतकी दूर आहेत की भरती-ओहोटीने पाणी बदलतच नाही म्हटले तरी चालेल. दक्षिणेकडे मार्टिन कौंटीत ओकीचोबी सरोवरातून सेंट लुसी नदीमार्गे सोडलेले पाणी ही मोठी तक्रार असते, आणि बातम्यांमध्ये दोन्ही गोष्टी एकत्र मिसळतात. परंतु ब्रेव्हर्डमधील प्रदूषणाचा दोष ओकीचोबीवर टाकता येत नाही. इथे पाण्यात उतरलेले बहुतेक सर्व काही इथल्याच हिरवळींवरून, गटारांतून आणि सेप्टिक टँकांतून आलेले आहे.

२०११ मध्ये उत्तर भागात शैवालाची अभूतपूर्व वाढ झाली आणि तळापर्यंत सूर्यप्रकाश पोहोचेनासा झाला. पुढच्याच वर्षी तपकिरी शैवाल आले. मार्च २०१६ मध्ये बनाना रिव्हरमध्ये मेलेल्या माशांचा खच पडला, आणि त्या वर्षीच्या मतदानावर त्या दृश्याचा परिणाम झाला असे मला वाटते. दशकभरात लगूनमधील निम्म्याहून अधिक सागरी गवत नाहीसे झाले. त्या गवतावर जगणाऱ्या मॅनाटी या जलचर सस्तन प्राण्यांची उपासमार झाली. २०२१ या एका वर्षात फ्लोरिडात १,१०० मॅनाटी मृत्युमुखी पडले आणि त्यांतले बरेचसे याच किनाऱ्यावर. त्या हिवाळ्यात केप कॅनाव्हेरलजवळच्या वीजकेंद्राच्या कोमट पाण्यात जमलेल्या मॅनाटींना सरकारी यंत्रणांनी सुमारे २ लाख पौंड लेट्यूसची पाने खायला घातली. रानटी प्राण्याला हाताने अन्न घालण्याची वेळ शासनावर यावी, ही या पाण्याच्या अवस्थेची सर्वात दुःखद नोंद आहे.

पाम बेचा यातील वाटा मात्र आपण आवर्जून समजून घ्यावा. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून एका बड्या विकासक कंपनीने इथे पाव-पाव एकराचे हजारो भूखंड पाडून विकले, त्यांपैकी असंख्य भूखंडांना मलनिस्सारण वाहिनी कधी मिळालीच नाही. प्रत्येक घरामागे एक सेप्टिक टँक. इथल्या वाळूमिश्रित जमिनीत सेप्टिक टँकचे पाणी मुरताना जिवाणू बऱ्याच प्रमाणात गाळले जातात, पण नायट्रेटच्या रूपातील नायट्रोजन भूजलाबरोबर पुढे सरकत राहतो. त्यात भर म्हणून, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतीसाठी खणलेल्या मेलबर्न-टिलमन कालव्यांनी एकेकाळी पश्चिमेला सेंट जॉन्स नदीकडे जाणारे पाणी पूर्वेला वळवले, आणि ते टर्की क्रीकमार्गे लगूनमध्ये येऊ लागले. म्हणजे पाम बेचा पाऊस, तिथल्या हिरवळीचे खत आणि तिथल्या सेप्टिक टँकांचा नायट्रोजन हे सारे एकाच मुखाने लगूनमध्ये उतरते.

निधीतून होणारी कामे साधारण चार प्रकारची आहेत. येणारे प्रदूषण कमी करणे, साचलेले काढणे, नैसर्गिक गाळणी पुन्हा उभी करणे, आणि मोजमाप करून त्याप्रमाणे आराखडा दरवर्षी बदलणे. पहिल्या आराखड्यात वर्षाला सुमारे ३.४ कोटी, म्हणजे दहा वर्षांत ३४ कोटी डॉलर मिळतील असा अंदाज होता, आणि सर्वात मोठा वाटा तळाशी साचलेला काळा, लिबलिबीत गाळ उपसण्यासाठी ठेवला होता. हा गाळ कुजताना वर्षानुवर्षे नायट्रोजन आणि फॉस्फरस पाण्यात परत सोडत राहतो. गाळ उपसला की त्यासोबत आलेले पाणी पुन्हा लगूनमध्येच सोडावे लागते. ते आधी शुद्ध केले नाही तर उपसण्याचा अर्धा फायदा वाया जातो, आणि म्हणून त्या शुद्धीकरणासाठी स्वतंत्र तरतूद करण्यात आली. पुढे कराची वसुली अंदाजापेक्षा जास्त झाली, बांधकामाचे दरही भडकले, आणि आराखड्याचा भर सेप्टिक टँक काढून घरे मलनिस्सारण वाहिनीला जोडण्याकडे व शुद्धीकरण केंद्रे सुधारण्याकडे सरकत गेला. हा बदल मला योग्य वाटतो. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नसतो. पावसाच्या पाण्याच्या चरांत नायट्रोजन शोषणारे थर घालणे, जुन्या मलवाहिन्यांत धूर सोडून गळती शोधणे, कालव (ऑयस्टर) शिंपल्यांचे बांध आणि तिसऱ्या (क्लॅम) शिंपल्यांची पैदास ही कामेही चालतात. त्यांपैकी धुराच्या तपासणीला फार कमी लोक महत्त्व देतात, वास्तविक २०१७ च्या इर्मा वादळानंतर किनारपट्टीच्या भागात २ कोटी गॅलनहून अधिक सांडपाणी उघड्यावर सोडावे लागले होते. पावसाचे पाणी फुटक्या वाहिन्यांत शिरल्याने यंत्रणेवर ताण येतो आणि असे प्रसंग ओढवतात.

मग पाणी अजून स्वच्छ का दिसत नाही? एक तर, प्रकल्प मंजूर होणे आणि प्रत्यक्षात पूर्ण होणे यांत कित्येक वर्षे जातात. आराखडा, परवाने, निविदा, आणि अनेकदा राज्याच्या जोड अनुदानाची वाट. दुसरे, भूजलात आधीच शिरलेला नायट्रोजन टँक काढल्यानंतरही पाझरत राहतो. तिसरे कारण मला सर्वात गंभीर वाटते. हा कर मागील साठ-सत्तर वर्षांची थकबाकी फेडण्यासाठी आहे, पण याच काळात कौंटीत नवी घरे, नव्या हिरवळी आणि नवे पार्किंग यांची भर थांबलेली नाही, आणि त्या नव्या भाराला आवर घालण्याचे अधिकार या निधीकडे नसून शहरांच्या नियोजन मंडळांकडे आहेत. अलीकडच्या वर्षांत काही भागांत सागरी गवत पुन्हा उगवताना दिसते आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे, पण एखाद्या उष्ण उन्हाळ्यात शैवाल पुन्हा माजले तर ते टिकेलच असे नाही.

पद्धतीतील एक उणीवही नोंदवतो. पौंडाच्या हिशेबात ज्या शहरांकडे स्वतःचे अभियंते आहेत त्यांना प्रस्ताव तयार करणे सोपे जाते, आणि लहान गावे मागे पडतात. तरीही लोकसंख्येच्या सूत्राकडे परत जाऊ नये, उलट लहान गावांना प्रस्ताव तयार करण्यासाठी कौंटीने तांत्रिक साहाय्य द्यावे, असे माझे ठाम मत आहे. २०२६ नंतर हा कर चालू ठेवायचा तर पुन्हा मतदारांची संमती लागते. माझा कौल चालू ठेवण्याच्या बाजूने आहे, मात्र नव्या बांधकामांच्या सांडपाण्यासाठी शहरांनी कडक नियम करावेत, ही मागणी आपण त्याच वेळी लावून धरली पाहिजे. आपल्यापैकी अनेकजण व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर आहेत आणि त्यांना मताचा अधिकार नाही. परंतु कर ते भरतातच, आणि समितीच्या व नगर परिषदेच्या बैठका खुल्या असल्याने तिथे येऊन बोलता निश्चित येते.

शेवटी आपल्या घराविषयी. आपल्याकडे सेप्टिक टँक असल्याचे आपण लिहिले आहे. २०२३ च्या राज्य कायद्यानुसार, इंडियन रिव्हर लगून संरक्षण क्षेत्रातील विद्यमान सेप्टिक टँक १ जुलै २०३० पर्यंत, उपलब्ध असल्यास मलनिस्सारण वाहिनीला जोडावे लागतील, अन्यथा किमान ६५ टक्के नायट्रोजन कमी करणारी सुधारित यंत्रणा बसवावी लागेल. आपला भूखंड त्या क्षेत्रात येतो का हे कौंटीच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाकडे विचारा. येत असल्यास, जुन्या टँकची मोठी दुरुस्ती करण्यापूर्वीच लगून निधीतील घरमालकांसाठीच्या अनुदानाची चौकशी करा. नायट्रोजनचा भार जिथे जास्त तिथल्या घरांना त्यात प्राधान्य मिळते, आणि काम आधी करून घेतले तर खर्चाची भरपाई मिळणे अवघड होऊन बसते.