तीन बाप्तिस्मे झाले, चौथा घेऊ काय?

"अक्का, चौथ्यांदा बाप्तिस्मा घेतला तर चालतंय काय?"

मी चहा गाळत होते, हात तिथंच थांबला. बेळगावच्या वडगावात पॉवरलूमवर काम करणारा माणूस, चाळिशीच्या आसपासचा. (त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं थोडंफार बदललंय.) लहानपणी आईबापानं मेथडिस्ट चर्चमध्ये बाप्तिस्मा दिलेला, मग पंचविशीत स्वतःहून विश्वास धरला म्हणून खानापूरला मलप्रभेत बुडून घेतला, पाच वर्षं दारूला शिवला नाही आणि भावाच्या लग्नात परत प्याला, तेव्हा घाबरून तिसऱ्यांदा गोकाककडं घटप्रभेत. प्रत्येक वेळी नदीतून वर आल्यावर आठ-पंधरा दिवस बरं वाटायचं म्हणे, मग परत तेच, माझं तारण (पापातून मिळालेली सुटका) गेलं काय.

हा प्रश्न घेऊन माझ्याकडं बरेच जण येतात, कॉलेजच्या पोरी येतात, रिटायर झालेले मास्तर येतात, आणि बहुतेकांच्या डोक्यात कुणीतरी कधीतरी जोरात सांगितलेलं एखादं वचन अडकलेलं असतं. याच्या डोक्यात होता बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय. एका कन्व्हेन्शनमध्ये बाहेरून आलेल्या प्रचारकानं तो वाचून सांगितलं की एकदा प्रकाश मिळाल्यावर जो पडला त्याला परत संधी नाही, जीवनाच्या पुस्तकातलं नाव खोडलं जातं. त्या रात्रीपासून झोप उडालेली.

त्यानं पिशवीतून एक लाँगबुक काढलं. दोनशे पानी, पोरांना शाळेत देतात तसलं. रोजची तारीख, खाली त्या दिवसाची पापं, आणि क्षमा मागून झाली की निळ्या पेननं टिक. एका पानावर "संशय आला" हे चौदा वेळा लिहिलेलं, मी मोजलं. काही ठिकाणी टिक गिरवून गिरवून कागद फाटलेला. "क्षमा मागितली ती मनापासून होती की नव्हती कळत नाही बगा, म्हणून परत मागतो," म्हणाला.

मी आधी त्याला तोच अध्याय पुढं वाचायला लावला. चौथ्या ते सहाव्या ओवीत भीती वाटावी असा इशारा आहे, तो मी पातळ करून सांगत नाही. पण तो कुणासाठी, तर छळाला कंटाळून ख्रिस्ताला जाणूनबुजून सोडून द्यायच्या बेतात असलेल्या लोकांना थांबवायला. आणि लगेच नवव्या ओवीत तोच लेखक त्यांना प्रियजन म्हणतो, तुमच्याबद्दल आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे म्हणतो. प्रचारक आठव्या ओवीपाशी थांबले होते. मला याचा राग येतो, खरंच येतो. त्या अध्यायात ज्यांना पश्चात्तापाकडं परत आणता येत नाही असं म्हटलंय, ते रात्री दोन वाजता उठून रडत नसतात.

"पण तारण जातंय की नाही ते सांगा की."

मग सरळ सांगितलं की यावर मंडळ्यांचं एकमत नाही. सोळाव्या शतकातले धर्मसुधारक कॅल्विन यांच्या विचाराचे लोक, १६१८-१९ च्या हॉलंडमधल्या डॉर्टच्या सभेपासून तर ठामपणे, म्हणतात की देवानं ज्याला खरोखर धरलंय तो पडला तरी शेवटपर्यंत टिकतो. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली म्हणायचे, विश्वास सोडून देता येतो, म्हणून जपा, पण भरकटलेला परत येऊ शकतो. आपल्या बेळगावात तर दोन्ही वळणं येऊन गेलीत. १८२० ला लंडन मिशननं इथं काम सुरू केलं, त्यात कॅल्विनच्या वळणाचे काँग्रिगेशनल पंथाचे लोक जास्त, आणि १९०४ मध्ये ते काम मेथडिस्टांकडं आलं. मी स्वतः मेथडिस्ट आहे, इशारे खरे मानते. पण जो परत येतो त्याला येशू बाहेर घालवत नाही, योहान ६:३७, यावर दोन्हीकडच्यांचं भांडण नाही. आणि तू तर बाहेर गेलेलाच नाहीस, दारातच उभा राहून मी आत आहे की बाहेर हे विचारालास.

पेत्राचं पण काढलं. येशूचा शिष्य पेत्र 'मी याला ओळखत नाही' म्हणून नाकारणार हे येशूला आधीच ठाऊक होतं, आणि त्याच्या आधीच त्यानं प्रार्थना केली की तुझा विश्वास ढळू नये, आणि 'तू वळलास म्हणजे' भावांना स्थिर कर (लूक २२:३२). पेत्रानं नंतर परत बाप्तिस्मा घेतल्याचं कुठं वाचलंयस काय? तो बराच वेळ गप्प.

मग मी वही उलटत होते तर एक ओळ दिसली, "पोराला पट्ट्यानं मारलं." तिच्यापुढं टिक होती, तीन तीन वेळा.

"पोराजवळ बोललास काय याबद्दल?"

"देवाजवळ बोललो की."

"पोराजवळ?"

नव्हता बोलला. सात महिने झालेले. देवाची क्षमा शंभरदा मागून झालेली आणि तेरा वर्षांचं पोरगं एकाच घरात बापापासून लांब लांब जेवत होतं. मला तेव्हा कळलं की ही भीती त्याला पापापासून लांब ठेवत नव्हती, ती त्याला आपल्याच हिशोबात असं गुंतवून ठेवत होती की ज्याचं नुकसान केलं तो माणूस दिसतच नव्हता. म्हटलं, नदीकडं जाऊ नकोस, घरी जा.

दुसरं एक केलं, डॉक्टरकडं पाठवलं. तेच तेच तपासणं, मोजणं, झोप नाही, हे ओसीडीत (तेच तेच विचार आणि कृती मागं लागतात त्या मनाच्या आजारात) असतं आणि त्याला उपचार आहे. मानसोपचाराच्या डॉक्टरनी गोळ्या दिल्या, आणि संशय आला तरी लगेच परत क्षमा मागायची नाही, तसंच थांबायचं, असा सराव दिला. त्याला वाटत होतं गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी. मी विचारलं, बीपीची गोळी तुझी आई घेते, तिचा विश्वास कमी काय?

तीन आठवड्यांनी आला. पोराला म्हणाला होता, मी चुकलो रे, तसं मारायला नको होतं. पोरगं काहीच बोललं नाही म्हणे, नुसतं उठून गेलं. दोन दिवसांनी रात्री लूम बंद करून आला तर पोरानं जेवायला थांबून दोघांची ताटं वाढून ठेवलेली.

परवा रविवारी फोन आला, दीड वर्षानं प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी आणि द्राक्षरसाचा विधी) घेतलं. "प्याला घेताना हात थरथरत होता अक्का, अजून भ्या वाटतंय."

"मग?"

"घेतला की तसाच."