वाचक विचारतात: किनाऱ्यावरच्या गाडीला चामडं की रेक्झिन?

पाऊस ओसरला आणि गाड्या पुन्हा बाहेर निघाल्या की सीटबद्दलची पत्रं वाढतात. कणकवलीला माझं गादीकामाचं दुकान आहे. वडील ट्रकच्या आणि रिक्षांच्या सीट शिवायचे, मी मोटारींच्या शिवतो. त्या कामात हाताखालून जे गेलं, त्यावरून उत्तरं देतो आहे.

प्रश्न: काका, देवगडात आमची आंब्याची बाग आहे. काही वर्षांपूर्वी जुनी गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याने 'फुल लेदर' म्हणून सांगितलं होतं. आता पाठीकडच्या भागाचे पापुद्रे सुटतायत, बसून उठलं की पांढऱ्या शर्टाला काळे कण लागतात. सासरे म्हणतात, आता तरी खरं चामडं घाला, जन्मभर टिकेल. कुशनवाला म्हणतो, पीयू (एक नकली चामडं) घ्या, अगदी चामड्यासारखं आहे आणि रेक्झिनपेक्षा भारी. गाडी दारात माडाखाली असते, शेड नाही. काय करू?

उत्तर: तुमच्या सीटवरून जे निघतंय ते अख्खं चामडं नाही. चामडं वाळतं, कडक होतं, त्याला भेगा जातात, पण पापुद्रा सुटून खाली विणलेलं कापड दिसत नाही. चामड्याच्या खाली कापड नसतंच, आरपार तंतूच असतात. एक सुटलेला पापुद्रा नखाने उचलून बघा. खाली जाळीसारखं विणलेलं कापड दिसलं तर ते पीयू. कापडावर तपकिरी भुसभुशीत थर असेल तर ते बॉन्डेड, म्हणजे चामड्याच्या कारखान्यातला भुसा आणि कातरण चिकटवून केलेला माल. बॉन्डेडवर 'लेदर' असा छाप मारून विकतात याचा मला फार राग येतो, कारण गिऱ्हाईक पैसे चामड्याचे मोजतं आणि तीन-चार पावसाळ्यांत सीट उघडी पडते.

आता कुशनवाल्याच्या सल्ल्याकडे येतो, कारण खरा घोळ तिथेच आहे. लोक 'खरं की खोटं' एवढंच विचारतात. किनाऱ्यावर त्याहून मोठा प्रश्न असा की खोट्यातलं कुठलं?

दुकानात मिळणारं नकली चामडं मुख्यतः दोन जातींचं. एक पीव्हीसी, म्हणजे आपलं रेक्झिन. दुसरं पीयू, पॉलियुरेथेन. पीयू हाताला मऊ, वजनाला हलकं, चमक कमी, त्यामुळे शोरूममध्ये ते चामड्याच्या जवळचं वाटतं आणि भावही जास्त मिळतो. पण स्वस्त पीयू ज्या रसायनापासून बनतं त्याच्या साखळ्या दमट उष्णतेत पाण्याच्या वाफेने तुटत जातात. आधी पृष्ठभाग चिकट लागतो, मग बारीक तडे जातात, मग पापुद्रे. पाणी सांडायचीही गरज नाही, हवेतली वाफ पुरते. कपाटात न वापरता ठेवलेल्या बुटांचा तळ एक दिवस हातात चुरा होऊन येतो, हे कोकणातल्या बहुतेक घरांनी पाहिलेलं आहे. तो तळही पीयूचाच असतो आणि कारणही हेच. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत जे पीयू बरीच वर्षं टिकतं, ते देवगडात लवकर जातं. आपल्याकडे पावसाळाभर हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांच्या आसपास राहते, आणि उन्हाळ्यात उघड्यावर बंद उभ्या असलेल्या गाडीत आतलं तापमान 60 अंशांवर जातं. पीयूला मारायला याहून जास्त काही लागत नाही.

सगळं पीयू वाईट, असं मी म्हणत नाही. पॉलिकार्बोनेट जातीचं पीयू दमटपणाला चांगलं तोंड देतं, मोठ्या मोटार कंपन्या तसलंच पारखून घेतात. माल 70 अंश तापमान आणि 95 टक्के आर्द्रता असलेल्या पेटीत आठवडेच्या आठवडे ठेवून तपासायची पद्धत आहे. कुशनवाल्याला सरळ विचारा, 'या मालाची अशी चाचणी झाली आहे का, किती आठवड्यांची, कागद दाखव.' कागद नसेल तर तो पीयू किनाऱ्यावर घेऊ नका.

पीव्हीसीचं दुखणं वेगळं. ते मुळात कडक प्लास्टिक. 1926 मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी त्यात तेलकट द्रव मिसळून ते मऊ करायची युक्ती शोधली, आणि आजही रेक्झिनचा मऊपणा त्या द्रवावरच आहे. उन्हात वर्षानुवर्षं तो द्रव हळूहळू निघून जातो. नव्या गाडीच्या काचेवर आतून जो धुरकट थर बसतो, त्यात त्याचाही वाटा असतो. द्रव गेला की रेक्झिन ताठ होतं आणि शिलाईच्या कडेने चिरतं. पण दमट हवा त्याचं काही बिघडवत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: बिनशेडच्या, मासळी-आंबा-ओले कपडे सगळं वाहणाऱ्या किनाऱ्यावरच्या गाडीला जाड, चांगल्या कापडी पाठीचं मोटारीचं पीव्हीसी लावा. रिक्षाच्या हुडाचं नव्हे, ते वेगळं येतं. मध्ये, जिथे पाठ आणि मांड्या टेकतात तिथे, छिद्रांचं घ्या, नाहीतर मे महिन्यात घामाने हैराण व्हाल. आणि सीटवर पडणारं ऊन अडवा. काचेच्या पडद्याने रेक्झिनचं आयुष्य जेवढं वाढतं तेवढं कुठल्याही पॉलिशने वाढत नाही.

माल पीव्हीसीच आहे याची खात्री करायला एक सोपी रीत आहे. दुकानातून कातरणाचा तुकडा मागून घ्या. तांब्याच्या तारेचं टोक गॅसवर लाल करा, तुकड्याला टेकवा, त्याला लागलेला माल घेऊन ती तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी, कारण त्यातल्या क्लोरीनमुळे तांबं हिरवं जळतं. तार पकडीने धरा, खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका. हे करायचं ते कातरणावर, सीटवर कधीच नाही.

सासऱ्यांना माझा निरोप सांगा. खरं चामडं उत्तम, त्यावर बसायचं सुख दुसऱ्या कशाला नाही, आणि हाताने शिवायलाही मला तेच आवडतं. पण ते जनावराच्या कातडीचं आहे, त्याची निगा ठेवायला शेड हवी आणि रोज गाडी उघडणारं माणूस हवं. पाच आसनांच्या गाडीला दोन-तीन अख्खी कातडी लागतात, खुणा आणि भोकं टाळून कापताना बराच भाग वाया जातो, म्हणून ते महाग पडतं. आणि ज्या गाड्यांत कंपनीचं चामडं असतं त्यांतही बहुधा बसायचा भागच चामड्याचा असतो, बाजू आणि मागची पाठ नकलीच असते. मर्सिडीजचं आर्टिको आणि बीएमडब्ल्यूचं सेन्साटेक ही दोन्हीही नकली चामडी आहेत, त्यामुळे रेक्झिन लावण्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

तरीही चामडंच घ्यायचं ठरलं, तर एक खूण लक्षात ठेवा. चामडं चौरस फुटाने विकलं जातं, कारण प्रत्येक कातडं वेगळ्या आकाराचं असतं. भाव मीटरने सांगितला की समजा ते गुंडाळीवरून आलेलं आहे, चामडं नाही.

गाडी मात्र आधी माडाखालून हलवा. नारळाने काच फुटलेल्या गाड्या माझ्याकडे येतात आणि फोममध्ये घुसलेले काचेचे कण पूर्ण निघत नाहीत.

प्रश्न: आमची गाडी गुहागरच्या घरी असते, आम्ही मुंबईला. सीट खऱ्या चामड्याच्या आहेत. जूनमध्ये बंद करून गेलो, गणपतीला आलो तर सगळ्या सीटवर पांढरी-हिरवी बुरशी. शेजारच्या काकूंनी खोबरेल लावायला सांगितलं. लावावं का?

उत्तर: खोबरेल नको. घरातल्या चपलांना लोक लावतात म्हणून गाडीलाही लावावंसं वाटतं, पण मोटारीच्या चामड्यावर रंगाचा आणि वर पारदर्शक पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. तेल आत जात नाही, वर चिकट राहतं, धूळ धरतं, आणि जिथे शिलाईच्या भोकांतून आत झिरपतं तिथे खवट होऊन पुढच्या पावसात बुरशीला खाद्य देतं.

तुमची सीट वाचण्यासारखी आहे, घाबरू नका. गाडी उन्हात काढा, चारही दारं उघडा, नाकाला फडकं बांधा. बुरशी कोरडी असतानाच मऊ ब्रशने झाडा आणि लगेच व्हॅक्यूमने ओढा. आधी ओलं फडकं मारलं तर ती शिलाईत चोपडली जाते. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन, फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि पुसा. आधी सीटच्या खालच्या कोपऱ्यात रंग जातो का ते पाहा. दुसऱ्या स्वच्छ ओलसर फडक्याने व्हिनेगर काढा, सावलीत वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या, मग गाडीच्या चामड्यासाठी मिळणारं पाण्यावरचं कंडिशनर अगदी थोडं. थिनर, पेट्रोल, टायरचं पॉलिश यांतलं काहीही सीटला लावू नका. गालिचा आणि बेल्टही तपासा. वास येतच राहिला तर बुरशी फोममध्ये गेली आहे, मग कव्हर उतरवावं लागेल. उतरवणाऱ्याला कव्हर आतून धरून ठेवणाऱ्या तारेच्या रिंगा बदलायला सांगा. खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि गंजाचा डाग आतून चामड्यावर उमटतो.

हवेतली आर्द्रता 70-75 टक्क्यांच्या वर सलग राहिली की बुरशी धरते. म्हणजे आपल्याकडे अख्खा पावसाळा. बंद गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घालून जाणं हा त्यातला सगळ्यात वाईट उपाय, ओल आत कोंडते. हवा खेळणारं कव्हर घाला, सीटवर सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या ठेवा, आणि गुहागरात कुणा विश्वासाच्या माणसाला किल्ली देऊन जा. आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून अर्धा तास एसी चालवला तरी पुष्कळ झालं. एसी आतली हवा कोरडी करतो.

प्रश्न: रत्नागिरीत नवीन गाडी घेतली, सहा एअरबॅगची. सीट कापडी आहेत. मासळी बाजारातून आल्यावर वास बसतो म्हणून वरून रेक्झिनची कव्हरं घालायची आहेत. एक मित्र म्हणतो घालू नको. खरं आहे का?

उत्तर: मित्राचं ऐका, निदान पुढच्या दोन सीटपुरतं. सहा एअरबॅगच्या गाडीत बाजूच्या एअरबॅग बहुधा पुढच्या सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला असतात. तिथे छोटी 'एअरबॅग' लिहिलेली पट्टी शिवलेली दिसेल. धडक बसली की ती पिशवी काही मिलिसेकंदांत शिलाई फाडून बाहेर येते. कंपनीने त्या जागी मुद्दाम कमकुवत दोऱ्याची शिलाई घातलेली असते. वरून जाड रेक्झिन घट्ट ओढलं तर पिशवी उशिरा किंवा चुकीच्या दिशेने फुटते. माझ्याकडे असं कव्हर मागायला कुणी आलं तर मी शिवून देत नाही, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं तरी.

कव्हर हवंच असेल तर तुमच्याच मॉडेलसाठी केलेलं, एअरबॅगच्या बाजूला मोकळं किंवा फाटणाऱ्या शिलाईचं घ्या, आणि ते शोरूमकडून लेखी मान्य करून घ्या. सीटखालची वायर कुणाला कापू देऊ नका. मागच्या सीटला पट्टी दिसत नसेल तरी गाडीच्या पुस्तिकेत एअरबॅगच्या जागा पाहून मगच कव्हर घाला.

मासळीच्या वासासाठी कव्हराची गरजही नाही. झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा डिकीत ठेवा, बर्फाचं पाणी सांडलं तर त्याच दिवशी साबणाच्या पाण्याने पुसून दारं उघडी ठेवा. कापडात मुरलेलं पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलं की वास फोममध्ये उतरतो, आणि मग सीट खोलून धुण्यावाचून इलाज नाही.