जेट-स्कीच्या कार्बोरेटरचे स्क्रू: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जुनी टू-स्ट्रोक जेट-स्की आहे, मिकुनी सुपर बीएनचे दोन कार्बोरेटर. मागच्या कार्बोरेटरच्या एका स्क्रूची खाच पार झिजली आहे, ड्रायव्हर घसरतो. दुसऱ्यावर प्लॅस्टिकची टोपी आहे आणि तो थोडासाच फिरतो. तिथवर हात कसा पोचवायचा? (एक वाचक, तारकर्ली)

उत्तर: कार्बोरेटर जागेवर ठेवून हे काम करू नका. ड्रायव्हर तिरका बसतो, आणि खाच झिजते ती त्यामुळेच. जोडी बाहेर काढून टेबलावर घेतली की काम निम्म्याने हलके होते.

सीट काढून इंजिनाच्या खणात थोडा वेळ हवा खेळू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, पेट्रोलचा कॉक बंद करा, टाकीचे झाकण सैल करून आतला दाब जाऊ द्या. एअर बॉक्स आणि आग रोखणारी जाळी काढा. पेट्रोल येणारी, टाकीत परत जाणारी आणि क्रँककेसमधून येणारी पल्सची (तिच्यातल्या दाबाच्या धक्क्यांवर पेट्रोलचा पंप चालतो), अशा नळ्या असतात. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि फोटो घ्या. ऑइल पंपाची नळी सुटली तर तिचे तोंड बुजवा. जोडणी झाल्यावर तिच्यातली हवा काढल्याशिवाय इंजिन चालू करायचे नाही. दोन्ही कार्बोरेटर एकत्रच काढा, मधली दांडी सोडू नका, नाहीतर दोन्ही थ्रॉटल पुन्हा एकाच वेळी उघडतील असे जुळवत बसावे लागते. कार्बोरेटर निघताच इंजिनाच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबा. तिथून आत पडलेला वायसर थेट क्रँककेसमध्ये जातो.

आता स्क्रू ओळखा. साधारणपणे इंजिनाकडचा लो, म्हणजे कमी थ्रॉटलचा, आणि एअर बॉक्सकडचा हाय, म्हणजे जास्त थ्रॉटलचा. दोन्ही पेट्रोलचेच आहेत: आत फिरवला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. कित्येक बाइकमध्ये कमी थ्रॉटलचा स्क्रू हवेचा असतो आणि त्याचा हिशोब उलटा असतो. बाइकवर हात बसलेले मिस्त्री नेमके इथेच फसतात.

काढण्याआधी प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने आत नेऊन फेरे मोजा. सव्वा, दीड, जे येईल ते लगेच लिहा. टेकल्याचे बोटांना जाणवले की थांबा. पुढे जोर लावला तर स्क्रूच्या सुईसारख्या निमुळत्या टोकावर गोल खाच पडते किंवा टोक तुटून भोकातच राहते, आणि मग बहुतेक वेळा कार्बोरेटरची बॉडीच बदलावी लागते. टोपीने स्क्रू अडत असेल तर तिची जागा खुणेने टिपा आणि सरळ ओढून काढा. सेटिंग फार हलू नये म्हणून कारखान्यातच ती लावलेली असते. झिजलेल्या डोक्यावर बारीक कानस चालवून नवी खाच पाडता येते. खाऱ्या पाण्याने स्क्रू जाम असेल तर गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवा, मग बॉडीवर गरम पाणी ओता. गॅसची ज्योत मात्र कदापि नको.

स्क्रूसोबत स्प्रिंग येते, तिच्याखाली पातळ वायसर आणि सर्वांत खाली ओ-रिंग. पण ओ-रिंग बहुतेक वेळा भोकातच चिकटून राहते. टॉर्चच्या उजेडात बघा: तळाशी काळी, चपटी झालेली कडी दिसेल. वाकवलेल्या बारीक तारेने ती अलगद काढा. जुनीवर नवी बसवली तर स्क्रू पूर्ण टेकत नाही आणि मोजलेले फेरे खोटे ठरतात. वायसर विसरला तर स्प्रिंग ओ-रिंगला कापते, तिथून हवा शिरते आणि आयडल (थ्रॉटल न देता इंजिनाचा वेग) कधी चढतो, कधी पडतो. नवी ओ-रिंग तेलाचा थेंब लावून बसवा. स्क्रू त्याच मॉडेलच्या किटमधलेच घ्या, लो-हायची अदलाबदल नको, कारण त्यांची टोके वेगळी असतात.

प्रश्न: स्क्रू नवे, फेरे जुन्याप्रमाणेच. तरी आयडलवरून थ्रॉटल दिला की इंजिन गुदमरते. (एक वाचक, अलिबाग)

उत्तर: आधी धूर बघा. धूर काढत अडखळत असेल तर पेट्रोल जास्त आहे. नुसतेच दबून बंद पडत असेल तर कमी आहे. लो स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त हलवू नका आणि दोन्ही कार्बोरेटरवर तो सारखाच ठेवा. चाचणी पाण्यातच करा. पाण्याबाहेर जेट-स्कीला ढकलणाऱ्या पंपावर भार नसतो, आयडल फसवा असतो. अर्धा फेरा बाहेर काढूनही फरक पडत नसेल तर दोष स्क्रूत नाही. लो जेट (पेट्रोलचे बारीक भोक) तुंबला आहे, डायफ्राम (आतला लवचिक पडदा) कडक झाला आहे किंवा पल्सची नळी चिरली आहे. स्क्रू फिरवून घाण निघत नाही.

हल्लीचे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोलही लक्षात घ्या. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच सेटिंगवर मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. शिवाय ते पाणी ओढते, जुने रबर फुगवते. महिनाभर जेट-स्की उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करूनच ठेवा.

प्रश्न: हाय स्क्रू पूर्ण बंद आढळला. थोडा उघडू का? (एक वाचक, कळंगुट)

उत्तर: तुमच्या मॉडेलचे मॅन्युअल बघितल्याशिवाय नाही. सी-डू कंपनीच्या बऱ्याच जेट-स्कीमध्ये कारखान्याचे सेटिंगच शून्य फेरे असते, पेट्रोल मुख्य जेट पुरवतो. ज्या मॉडेलमध्ये तो उघडा असतो, तिथे त्याचा खरा प्रभाव थ्रॉटलच्या शेवटच्या पावात असतो. तो स्पीडसाठी आत घेऊ नका. पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल कमी पडले की पिस्टन तापून सिलिंडरला धरतो, आणि तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालत असाल तर तेही कमी होते. तपासायचे तर खोल पाण्यात काही क्षण पूर्ण थ्रॉटल देऊन इंजिन बंद करणारी सुरक्षेची दोरी ओढून ते एकदम बंद करा आणि प्लग काढा. प्लगचे टोक तपकिरी असेल तर ठीक. पांढरा असेल तर तशीच दामटू नका, टो करून किनाऱ्याला आणा.

घरी पाण्याचा पाइप लावून चालवताना आधी इंजिन सुरू करा, मग पाणी सोडा. थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. हा क्रम उलटा झाला तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जाते.